पोट बरे झाले, मग पाय का गेले?

सिंहगड रस्त्यावरच्या अनेक घरांत २०२५ च्या जानेवारीत घडलेला क्रम जवळपास सारखाच होता. आधी दोन-तीन दिवस जुलाब, पोटात मुरडा, थोडा ताप. ओआरएसचे पाणी, ताक-भात, फार तर जवळच्या डॉक्टरांच्या गोळ्या. पोट थांबले, माणूस कामाला लागला. आठ-दहा दिवसांनी सकाळी उठताना पायांना मुंग्या आल्या. जिना चढताना गुडघे लटपटू लागले. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून उठता येईना, तिसऱ्या दिवशी हातातला तांब्या सुटला. काहींचा त्यापुढचा मुक्काम थेट अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर पडला.

पुण्यातल्या रुग्णालयांत अशा संशयितांची संख्या वीसच्या पुढे गेली, तेव्हा राज्याच्या आरोग्य विभागाने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले. महिना संपण्यापूर्वीच आकडा शंभरावर गेला, केंद्राने तज्ज्ञांचे पथक धाडले आणि ‘जीबीएस’ ही तीन अक्षरे घराघरांत पोहोचली. साथ ओसरेपर्यंत संशयित धरून रुग्ण दोनशेच्या वर आणि मृत्यू दहाच्या वर गेले होते. गुलेन-बारे सिंड्रोम हे या आजाराचे पूर्ण नाव. गुलेन, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९१६ मध्ये, दोन सैनिकांवरून त्याचे वर्णन केले. त्यातल्या स्ट्रोलचे नाव पुढे का गळाले कोण जाणे.

मुळशीत ही बातमी शेजारच्या हवेली तालुक्यातली म्हणून वाचली गेली. तसे वाचणे बरोबर नव्हते. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरते हे खरे. पण टेमघर धरण आपल्याच तालुक्यात, लवार्ड्याजवळ आहे आणि त्याचे पाणी मुठेतून खडकवासल्याला जाते. वरसगाव आणि पानशेतचे पाणीही तिथेच येते. ज्या नांदेड गावातील विहिरीकडे साथीच्या काळात सगळ्यांची बोटे वळली (हे मराठवाड्यातले नांदेड नव्हे, सिंहगड रस्त्यावरचे), तिच्यात खडकवासल्याचेच पाणी येत होते. ते गाळून शुद्ध होत नव्हते, फक्त क्लोरीन टाकून घराघरांत पोहोचवले जात होते. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. त्याच यादीत मुळशीतली सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुकही होती. गाव पालिकेत जाते एका दिवसात, जलशुद्धीकरण केंद्राची वाहिनी यायला वर्षे लागतात. मधल्या काळात लोक विहीर, टँकर, बोअर आणि कोपऱ्यावरच्या आरओच्या जारवर दिवस काढतात. साथीच्या वेळी पालिकेने या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांनाही टाळे ठोकले होते.

आता मूळ प्रश्न. जुलाब आतड्यात होतात, मग पाय का जावेत?

रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांची तपासणी पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. यातल्या कॅम्पायलोबॅक्टरचे आणि जीबीएसचे नाते जगभर ओळखीचे आहे. १९९१ मध्ये चीनच्या उत्तर भागातील खेड्यांमधल्या मुलांत उन्हाळ्यात येणाऱ्या अशाच लकव्याचे वर्णन झाले आणि त्यामागेही पुढे हाच जिवाणू निघाला. २०२३ मध्ये पेरू देशात तर जीबीएसच्या रुग्णांमुळे सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

हा जिवाणू मज्जातंतूंपर्यंत जातच नाही. तो आतड्यात राहतो आणि तिथेच मरतो. पुढचे नुकसान करते ती आपलीच प्रतिकारशक्ती. या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचे एक आवरण असते. त्याच्या काही प्रकारांत या आवरणाची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या घटकाशी हुबेहूब जुळते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. त्या जिवाणूला शोधून मारतात. पण नंतर रक्तातून फिरताना त्यांना मज्जातंतूवर तीच नक्षी दिसते आणि त्या तिथेही चिकटतात. चोराचा शर्ट घातलेल्या घरधन्यालाच गावाने धरून बडवावे, तसा हा प्रकार. प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणूनच पोट बरे झाल्यावर पाय जातात. बरे वाटत असतानाच आतली चाल सुरू झालेली असते.

सगळ्यांना असे होत नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकालाच जीबीएस होतो. एरवी, साथ नसताना, लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन रुग्ण एवढेच याचे प्रमाण. त्यामुळे दोनशे रुग्ण दिसतात तेव्हा त्यांच्यामागे दूषित पाणी किंवा अन्न पोटात गेलेले हजारो लोक असणार, हा हिशेब आपण करायला हवा. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जानेवारीत रुग्णाच्या शेजाऱ्यांनी दार बंद करून घेतल्याच्या गोष्टी ऐकू येत होत्या. त्याला शास्त्राचा काही आधार नव्हता.

मज्जातंतूची रचना विजेच्या तारेसारखी असते. आत संदेश नेणारा धागा, त्याला अ‍ॅक्सॉन म्हणतात. वर मायलिनचे वेष्टण. हल्ला वेष्टणावर झाला तर ते काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा तयार होऊ शकते. हल्ला धाग्यावरच झाला आणि तो तुटला, तर नवा धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो. कंबरेपासून पावलापर्यंतचे अंतर एका मीटरच्या आसपास. बरे होण्यासाठी कुणाला सहा आठवडे तर कुणाला दोन-अडीच वर्षे का लागतात, ते या एका आकड्यावरून कळते. नातेवाइकांनी ‘अजून उठत कसा नाही’ म्हणून रुग्णाच्या मागे लागू नये, ते यासाठीच.

ओळखायचे कसे? जीबीएसमध्ये कमजोरी बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते आणि खालून वर चढते. पक्षाघातात एक हात, एक पाय, एका बाजूचे तोंड जाते आणि तेही अचानक, मिनिटांत. इथे तासातासाने, दिवसादिवसाने वाढ होते. डॉक्टर गुडघ्यावर छोटी हातोडी मारतात, तेव्हा पाय उडत नाही. ही साधी तपासणी एमआरआयच्या आधीची आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही होण्यासारखी आहे. काहींना आधी पाठ आणि पोटऱ्या दुखतात, त्यामुळे ‘शिरेवर शीर चढली’ म्हणून तेल-मालिश होते आणि दोन मोलाचे दिवस जातात. चेहरा सैल पडणे, पापण्या न मिटणे, गिळताना ठसका लागणे, आवाज बारीक होणे ही पुढची लक्षणे.

खरा धोका श्वासाचा. छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू चालवणाऱ्या मज्जातंतूंवर हल्ला पोहोचला की रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. चार-पाच रुग्णांत एकावर ही वेळ येते. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले आहेत. इथे त्यांच्यावर विसंबू नका. ऑक्सिजन ९८ दाखवत असतानाही स्नायू थकत चाललेले असू शकतात. आकडा पडतो तो अगदी शेवटी. त्यापेक्षा रुग्णाला खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगावे. वीसपर्यंतही जाता येत नसेल, तर रात्र काढू नये. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढे जायचे की थेट पुणे गाठायचे हे गावावर अवलंबून आहे, पण ताम्हिणी खोऱ्यातल्या वाडीवरून निघणाऱ्याने रस्त्याचा वेळ धरूनच निर्णय घ्यावा. जिथे व्हेंटिलेटर आहे, तिथेच जावे.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही साधारण सारखेच गुणकारी. एक आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी केलेली प्रतिपिंडे शिरेतून देणे. बाहेरच्या या चांगल्या प्रतिपिंडांच्या गर्दीत घातक प्रतिपिंडांचा जोर कमी होतो. दुसरा प्लाझ्मा एक्स्चेंज. यात रुग्णाचा प्लाझ्मा यंत्रातून काढून घेतात, घातक प्रतिपिंडे त्याच्याबरोबर जातात आणि जागी दुसरा द्रव भरतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केला तर फायदा अधिक. आयव्हीआयजीची मात्रा वजनावर ठरते. किलोला एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. साथीच्या दिवसांत एका इंजेक्शनची किंमत वीस हजार रुपयांच्या घरात सांगितली जात होती. त्यामुळेच मोफत उपचारांची घोषणा करावी लागली: पिंपरी-चिंचवडसाठी वायसीएम, पुणे शहरासाठी कमला नेहरू आणि ग्रामीण भागासाठी ससून. स्टेरॉइडचा मात्र या आजारात उपयोग होत नाही. ‘ताकदीची सुई’ म्हणून ती मारून घेण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

योग्य उपचार मिळूनही शंभरात चार-पाच रुग्ण दगावतात आणि पाचांतल्या एकाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही. या पाचव्या माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो. रुग्णालयातून सुटल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. नंतर घरी रोज दोन वेळा फिजिओथेरपी, पाय खाली पडू नये म्हणून स्प्लिंट, पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, आणि या सगळ्यासाठी घरातल्या एका माणसाने सोडलेली नोकरी, हे कुणाला दिसत नाही. हिंजवडीतल्या कंपनीत काम करणाऱ्याला विमा असतो. भातखाचरात आणि वीटभट्टीवर राबणाऱ्याचे उत्पन्न त्याच्या पायांवरच उभे असते.

स्वतःच्या शरीराने मज्जासंस्थेवर उठण्याचे हे एकच रूप नाही. हल्ला कुठे होतो त्यावर आजाराचे नाव बदलते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर झाला तर मल्टिपल स्क्लेरोसिस. एका डोळ्याने धूसर दिसते, बरे होते, वर्षभराने पाय जड होतात, तेही बरे होते. झटके येत-जात राहतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सैन्यदलातील एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदींवरून असे दिसले, की त्यामागेही एप्स्टाइन-बार या अगदी सामान्य विषाणूचा जुना संसर्ग असतो. एनएमओ नावाचा त्याचा एक जुळा भाऊ आहे. तो डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू धरतो. २००४ मध्ये त्याची प्रतिपिंडे सापडेपर्यंत दोघांना एकच समजले जायचे आणि एकासाठीची काही औषधे दुसऱ्याला घातक ठरतात. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला झाला तर मायस्थेनिया ग्रेव्हिस. सकाळी ठीक, संध्याकाळ झाली की पापण्या मिटायला लागतात, जेवताना जबडा थकतो. अमिताभ बच्चन यांना हा आजार असल्याचे १९८० च्या दशकातच सर्वांना कळले. त्यानंतर त्यांनी किती काम केले, हेही सर्वांना ठाऊक आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रकार मेंदूच्या आतला. वीस-बावीस वर्षांची, आजवर काहीही त्रास नसलेली मुलगी अचानक रात्रभर जागते, असंबद्ध बोलते, भिंतीकडे बघून घाबरते, आईला ओळखत नाही. काही दिवसांनी तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, मग एकदम पुतळ्यासारखी निश्चल. गावाकडे याला काय म्हणतात ते सांगायची गरज नाही. लिंबू उतरवले जातात, देवरुषी होतो, अंगारा लागतो. शहरात मनोविकारतज्ज्ञांकडे नेतात, ते निदान एक पाऊल पुढचे. पण २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा काही रुग्णांत मेंदूतील एनएमडीए ग्राहींवर प्रतिपिंडांचा हल्ला झालेला असतो. काही तरुणींच्या बीजकोशात एक गाठ असते, तिच्यात चेतापेशींसारख्या पेशी असतात, आणि त्या गाठीशी लढता लढता प्रतिकारशक्ती मेंदूवर घसरते. गाठ काढली, स्टेरॉइड, आयव्हीआयजी, प्लाझ्मा एक्स्चेंज हे उपचार वेळेत मिळाले, तर दहापैकी आठ जण दोन वर्षांत चांगले सावरतात. (इथे स्टेरॉइड चालते, जीबीएसमध्ये नाही. नावाने सगळे स्वप्रतिरोधी आजार एका घरातले असले तरी औषध एकाचे दुसऱ्याला चालतेच असे नाही.) यापूर्वीच्या किती मुली साखळीला बांधल्या गेल्या असतील, त्याची नोंद कुठेच नाही. पहिल्यांदाच, काही दिवसांत, झटक्यांसह किंवा तापासह मन बिघडले, तर मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्यायलाच हवे.

चाळिशीपुढच्या वाचकांना कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास कसौलीत तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो निष्प्रभ करायचा आणि त्या मेंदूचाच द्रव टोचायचा, अशी तिची कृती. लसीने असंख्य जीव वाचवले, पण मेंढीच्या मेंदूतले मायलिनही माणसाच्या शरीरात जायचे आणि काही थोड्या लोकांत प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध पेटून स्वतःच्या मेंदूवर, मज्जारज्जूवर उलटायची. लस घेतल्यावर पाय गेल्याच्या जुन्या गोष्टी सगळ्याच भाकड नव्हत्या. भारतात या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आजची लस पेशींवर वाढवलेली असते, तिच्यात मेंदूचा अंश नाही आणि ती दंडात दिली जाते. वाडीवरच्या कुत्र्याने चावले तर जुन्या भीतीपोटी ती टाळणे म्हणजे मरणाला बोलावणे. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

मुलांच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगली यंत्रणा आहे, ती पोलिओमुळे. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला तर त्याची नोंद करावी लागते आणि चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने तपासणीला जातात. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, पण तपासणी अजून चालू आहे आणि अशा नोंदींतली बरीचशी मुले जीबीएसचीच निघतात. आशाताई नमुन्याची डबी घेऊन दारात आल्या तर ‘आमच्याकडे पोलिओ नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नका. मोठ्यांसाठी अशी जाळी नव्हती, म्हणून जानेवारीतली साथ रुग्णालयांत गर्दी झाल्यावरच दिसली.

राहिले पाणी आणि कोंबडी. कॅम्पायलोबॅक्टरचा मुक्काम कोंबडीच्या आतड्यात असतो आणि त्याने कोंबडी आजारी पडत नाही. कच्चे चिकन नळाखाली धुताना उडणारे थेंब, त्याच सुरीने आणि फळीवर चिरलेला कांदा-कोथिंबीर, ही त्याची वाट. रस्सा खळखळ उकळतो त्यात तो टिकत नाही. ताम्हिणीकडे शनिवार-रविवारी येणाऱ्यांच्या शेगडीवर बाहेरून काळे आणि हाडाजवळ गुलाबी राहिलेले चिकन मात्र धोक्याचे.

पाण्याचे म्हणाल, तर डोंगरातून येणारे झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसते, गोडही लागते. जिवाणू दिसत नाहीत आणि त्यांना चवही नसते. उकळलेले पाणी आणि नीट टाकलेले क्लोरीन, दोन्हींनी हा जिवाणू मरतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, पण ती पोत्याचे तोंड उघडे राहिल्याने जुनी, दमट झालेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेलाच नसतो. टाकल्यावर अर्धा तास तरी पाणी न सोडता थांबावे लागते. टाकी भरली नि लगेच व्हॉल्व्ह उघडला तर उपयोग नाही. आणि टाकीजवळचे पाणी नव्हे, वाहिनीच्या टोकाच्या, वाडीतल्या शेवटच्या घरच्या नळाचे पाणी तपासायचे असते. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन तिथे शिल्लक हवा. ओटी टेस्टसाठी एक छोटी नळी, काही थेंब आणि एक मिनिट पुरतो. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. ही तपासणी पाहायला जलसुरक्षकाबरोबर कुणीही उभे राहू शकते, नोंदवही मागू शकते. पिवळा रंग आला नाही, तर त्या दिवशी चुलीवर पातेले चढवायचे आणि सरपंचांना फोन लावायचा.